उल्लेखगणना : तिचें मूळ व तिची मर्यादा

नियतकालिकाची योग्यता त्यांतील लेखांचा इतरांनीं किती वेळां उल्लेख केला यावरून ठरविण्याचा प्रघात हल्लीं विद्यापीठांतून पडला आहे. या प्रघाताचें मूळ शोधूं गेल्यास तें एका लहानशा कॉलेजच्या ग्रंथखरेदींत सांपडतें.

कॅलिफोर्नियांतील पोमोना कॉलेजमधील ग्रॉस व ग्रॉस या दोघां लेखकांनीं १९२७ सालीं ‘सायन्स’ पत्रांत एक लेख लिहिला. द्रव्य थोडें असतां रसायनशास्त्राचीं कोणतीं नियतकालिकें घ्यावीं, हा त्यांचा प्रश्न. त्यांनीं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या पत्राचा १९२६ चा खंड घेऊन त्यांतील संदर्भ मोजले. ते ३६३३ भरले, व त्यांचा रोख २४७ नियतकालिकांकडे होता. पुढें हे उल्लेख त्यांनीं सालवार लाविले. कारण पूर्वीच्या लौकिकापेक्षां चालू कल आधीं पाहावा, असें त्यांचें मत होतें. खरेदी करणारास हा विचार योग्यच आहे.

दुसरा धागा न्यायालयांतला. अमेरिकन वकिलांसाठीं १८७३ पासून शेपर्ड यांची सूची निघत असे. अमुक निवाडा पुढें कोणत्या निवाड्यानें उचलला अथवा फिरविला, हें तीवरून कळे. युजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालीं तशीच सूची शास्त्रीय लेखांसाठीं सुचविली. जुन्या लेखाची पुढील हकीकत लावणें, हा तिचा हेतु. आणि अव्वल कागद हातीं धरून त्याचा उपयोग पुढें कोणीं कसा केला हें पाहणारास तो सहज पटेल. परंतु सूचींत कोणतीं पत्रें घ्यावीं हें ठरविण्यास गारफील्ड व आयर्विंग शेर यांनीं एक अंक योजिला, तोच पुढें ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ या नांवानें गाजला. मागील दोन वर्षांतील लेखांचे चालू वर्षीं झालेले उल्लेख त्या लेखांच्या संख्येनें भागावयाचे, हा त्याचा हिशेब.

या दोन वर्षांतच इतिहासाची अडचण आहे. ‘काव्येतिहाससंग्रह’ हें मासिक पुण्यास १८७८ त सुरू झालें व तें शतक संपण्यापूर्वींच बंद पडलें. त्यांतील बखरी व पत्रें यांवांचून मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाचें आजही भागत नाहीं. वरील हिशेब लाविला तर बंद पडल्यावर दोन वर्षांनीं या मासिकाचें मोल शून्य ठरतें ! शिवाय त्याचे उल्लेख बहुतेक मराठी ग्रंथांच्या तळटिपांत, तेही संक्षेपानें. ते या गणनेच्या वाट्यास बहुधा येतच नाहींत. कला व मानव्यविद्या यांच्या सूचींतील नियतकालिकांस हा अंक २०२३ पासून देऊं लागले. न देण्याचाच पूर्वीचा क्रम आम्हांस बरा वाटतो. शास्त्रज्ञांतही असंतोष होताच. लेखकाची योग्यता नियतकालिकाच्या अंकावरून ठरवूं नये, असें सान फ्रान्सिस्को येथील जाहीरनाम्यानें २०१३ त स्पष्ट सांगितलें.

विनामूल्य वाचतां येणाऱ्या नियतकालिकांची एक निर्देशिका स्वीडनमधील लुंड विद्यापीठांत २००३ सालीं निघाली. ती क्रमवारी लावीत नाहीं. लेखांची परीक्षा कोण करतो, संपादक कोण, हक्क कोणाचे, एवढें पाहून नोंद करते. शोधकानें आरंभ तेथून करावा. मात्र चालू नियतकालिकांसच तींत स्थान असल्यामुळें ‘काव्येतिहाससंग्रह’ तेथें शोधणें व्यर्थ होय. त्याकरितां जुन्या ग्रंथसंग्रहालयांच्या कपाटांकडे व तेथील अंकांच्या छायाप्रतींकडेच वळावें लागतें.