शटडाऊन आणि लेखानुदान

* शटडाऊन : अमेरिकेत संसद आणि राष्ट्राध्यक्ष यांचे खर्चावर एकमत झाले नाही, तर बरेचसे सरकारी कामकाज थांबते. मेक्सिको सीमेवरील भिंतीसाठी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ५.७ अब्ज डॉलर मागितले. डेमोक्रॅटिक पक्षाने नकार दिला. २२ डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचा पगार अडकला. घरखर्च चालवणाऱ्या माणसांवर हा उघड अन्याय होता.

महाराष्ट्रातल्या पुसदच्या तहसील कचेरीवर मात्र अशी वेळ येत नाही.

राज्यघटनेच्या कलम २०६ नुसार विधानसभा लेखानुदान मंजूर करून तात्पुरता खर्च चालू ठेवते. विधान परिषद धनविधेयक १४ दिवसांपलीकडे रोखू शकत नाही. विधानसभेनेच अर्थसंकल्प फेटाळला, तर संकेतानुसार सरकार जाते. पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, तेही याच चौकटीत. १९७७-७८ मध्ये कचेऱ्या ५४ दिवस ओस पडल्या, त्या कर्मचाऱ्यांच्या संपामुळे.