पक्षी व गोचीड संशोधन (क्यासनूर)

रानपक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींचे भारतातील क्षेत्रीय संशोधन एका साथीतून वाढले. 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शोधलेला विषाणू सायबेरियाकडील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूंचा नातलग निघाला. साहजिकच संशय हिवाळी पाहुण्या पक्ष्यांवर गेला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली 1959 पासून पक्षी पकडून त्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालण्यास सुरुवात केली. काम चिकाटीचे. पक्षी बारीक जाळ्यातून अलगद सोडवायचा, पिसे फुंकरीने बाजूला सारून डोळ्यांच्या कडा, कानांची भोके आणि चोचीचे मूळ तपासायचे. पक्ष्याची चोच पोहोचत नाही अशाच जागी गोचीड ठाण मांडते. ती चिमट्याने कातडीलगत धरून, तोंडाचा भाग न तुटता काढून कुपीत ठेवतात. सहा पायांचे डिंभ खसखशीहूनही लहान असल्याने सहज नजरेतून सुटतात.

परदेशी पक्ष्यांवरचा आरोप मात्र सिद्ध झाला नाही. मुख्य वाहक ठरली ती तिथलीच हीमॅफिसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड. जमिनीवर चरणाऱ्या रानकोंबड्यासारख्या स्थानिक पक्ष्यांवर तिची अपक्व रूपे पोसली जातात. पुढे हा ‘माकडताप’ गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यांतही आढळला.