मॅकग्रेगर : ज्या आडनावावर चक्क कायद्याने बंदी होती!

‘स्टार वॉर्स’मधला ओबी-वान साकारणारा यूआन मॅकग्रेगर आणि यूएफसीचा आयरिश फायटर कॉनर मॅकग्रेगर यांच्यामुळे हे आडनाव आज जगभर ओळखीचं झालं आहे. पण स्कॉटलंडमध्ये एक काळ असा होता, की हे आडनाव लावणं हाच गुन्हा होता आणि त्याची शिक्षा होती मृत्यू. बंदी पहिल्यांदा लागू झाली 1603 मध्ये आणि कायमची उठली 1774 मध्ये. एवढ्या काळात हे आडनाव पुसलं कसं गेलं नाही? जाणून घेऊया.

अर्थ काय?

मॅकग्रेगर हे मूळच्या ‘मॅक ग्रिगर’ या गेलिक नावाचं इंग्रजी रूप आहे. गेलिक ही स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाची, म्हणजे हायलँड्सची जुनी भाषा. त्यात ‘मॅक’ म्हणजे मुलगा. म्हणून मॅकग्रेगर म्हणजे ‘ग्रेगरचा मुलगा’. मुलींसाठी गेलिकमध्ये ‘मॅक’ऐवजी ‘निक’ लावतात.

‘ग्रेगर’ हे ग्रेगरी या नावाचं स्कॉटिश रूप. ते ग्रीक भाषेतून आलं असून त्याचा अर्थ ‘जागा राहणारा, सावध असलेला’ असा होतो. अनेक पोपनी हे नाव घेतल्यामुळे ते ख्रिस्ती युरोपात सगळीकडे पसरलं. आपण रोज वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडरही पोप ग्रेगरी तेरावे यांच्याच नावाचं आहे.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुणी ‘मॅक’ पूर्ण लिहितं, तर कुणी त्यातला मधला स्वर गाळून आखूड करतं. पूर्ण लिहिलं तर स्कॉटिश आणि आखूड लिहिलं तर आयरिश, असं बरेच जण समजतात. पण त्यात तथ्य नाही. दोन्ही एकच आहेत.

कुळाची सुरुवात

क्लॅन ग्रेगर म्हणजे मॅकग्रेगरांचं कुळ. या कुळाचं ब्रीदवाक्य आहे, ‘माझं कुळ राजवंशी आहे’. नवव्या शतकातला राजा केनेथ मॅकअल्पिन याच्या घराण्याशी आपलं नातं असल्याचं हे कुळ परंपरेने सांगत आलं आहे. इतिहासकार मात्र या दाव्याकडे दंतकथा म्हणूनच पाहतात. कुळाचा ठोस इतिहास चौदाव्या शतकापासून सापडतो. ग्लेनॉर्ची, ग्लेनस्ट्रे, ग्लेनलायन आणि रॅनॉक या खोऱ्यांमध्ये त्यांची वस्ती होती.

अडचण होती ती कागदपत्रांची. मॅकग्रेगर या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, पण जमिनीच्या राजसनदा हळूहळू शेजारच्या बलाढ्य कॅम्पबेल घराण्याच्या हाती गेल्या. आपल्याच खोऱ्यात मॅकग्रेगर दुसऱ्याची कुळं होऊन बसले. जमीन सुटली तसं गुरं पळवणं आणि लुटालूट वाढत गेली आणि दरबारात त्यांचं नाव बदनाम झालं.

बंदी का आली?

7 फेब्रुवारी 1603 रोजी ग्लेन फ्रून इथे मॅकग्रेगर आणि कहून या दोन कुळांमध्ये लढाई झाली. कहूनांची शंभराहून जास्त माणसं मारली गेली. त्याच सुमारास इंग्लंडची राणी एलिझाबेथ पहिली हिचा मृत्यू झाला आणि स्कॉटलंडचा राजा जेम्स सहावा याला लंडनची गादी मिळाली. लंडनला निघण्याच्या तोंडावर, 3 एप्रिल 1603 रोजी, त्याच्या प्रिव्ही कौन्सिलने मॅकग्रेगर हे नावच रद्द केलं. नाव सोडा, नाहीतर मरा, असा तो हुकूम होता.

कुळप्रमुख अलास्डर मॅकग्रेगर अर्गाइलच्या अर्लला शरण गेला. तुला सुखरूप इंग्लंडच्या भूमीवर पोहोचवतो, असा शब्द अर्लने दिला होता. त्याने तो अक्षरशः पाळला. अलास्डरला सीमेपलीकडे नेलं आणि लगेच परत आणलं! जानेवारी 1604 मध्ये त्याला एडिनबरोत फाशी देण्यात आली.

पुढे नियम आणखी कडक होत गेले. या कुळातल्या चारपेक्षा जास्त लोकांनी एकत्र जमायचं नाही. जेवताना मांस कापण्यासाठी टोक नसलेली सुरी ठेवता येईल, बाकी कोणतंही हत्यार बाळगायचं नाही. 1633 च्या कायद्याने तर पाद्रींना मुलाचं नाव ग्रेगर ठेवायलाही मनाई केली आणि या नावाने केलेले करारमदार अवैध ठरवले. थोडक्यात, मॅकग्रेगर म्हणून बारसं नाही, व्यवहार नाही आणि संरक्षणही नाही.

मग हे लोक गेले कुठे?

बहुतेकांनी दुसरी आडनावं घेतली. मरे, ड्रमंड, ग्रॅहम, स्ट्युअर्ट, ग्रँट अशी आजूबाजूच्या घराण्यांची नावं त्यात होती. काहींनी तर ज्यांनी जमिनी बळकावल्या, त्या कॅम्पबेलांचंच नाव लावलं. काहींनी ब्लॅक, व्हाइट यांसारखी साधी नावं पसंत केली.

यादवी युद्धात या कुळाने राजाची बाजू घेतली होती. त्याची आठवण ठेवून चार्ल्स दुसरा याने 1661 मध्ये बंदी उठवली. पण 1693 मध्ये विल्यमच्या राजवटीत ती पुन्हा लादली गेली. अखेर 1774 मध्ये ब्रिटिश संसदेने ती कायमची रद्द केली. मधली 32 वर्षं वगळली, तर हे नाव जवळपास 139 वर्षं बेकायदा होतं.

रॉब रॉय

या कुळातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे रॉब रॉय मॅकग्रेगर. ‘रॉय’ म्हणजे लाल. केसांच्या रंगावरून त्याला हे नाव पडलं. त्याचा जन्म 1671 चा, म्हणजे बंदी उठलेली असतानाचा. 1693 नंतर मात्र त्याला आईचं कॅम्पबेल हे आडनाव लावावं लागलं. गुरांच्या व्यापारातलं कर्ज बुडाल्यावर मॉन्ट्रोजच्या ड्यूकशी त्याचं वैर झालं आणि तो फरार झाला. 1734 मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर बॅलव्हिडर गावात आहे. ‘त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर’ अशा अर्थाचे शब्द तिथे कोरलेले आहेत.

वॉल्टर स्कॉट यांची ‘रॉब रॉय’ ही कादंबरी 1817 च्या अखेरीस आली आणि एकेकाळी गुन्हा ठरलेल्या या नावाला एकदम वलय मिळालं. 1995 मध्ये लियाम नीसन याची भूमिका असलेला याच नावाचा सिनेमाही आला.

भारताशी संबंध

बंदी उठल्यावर कुळाला नवा प्रमुख हवा होता. कुळातल्या 826 जणांनी सह्या करून ज्याला प्रमुख मानलं, त्याचं नाव होतं जॉन मरे. मरे हे अर्थातच बंदीच्या काळातलं आडनाव! ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत त्याने बंगालमध्ये मोठ्या हुद्द्यावर काम केलं होतं. 1822 मध्ये या घराण्याने राजाच्या परवानगीने मॅकग्रेगर हे आडनाव पुन्हा घेतलं. क्लॅन ग्रेगर सोसायटीची स्थापनाही त्याच वर्षीची.

आज किती लोकप्रिय?

स्कॉटलंडशिवाय इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हे आडनाव सर्रास आढळतं. ग्रेगर, ग्रेगरसन, ग्रेग ही त्याची भावंडं. नॉर्वेचे विख्यात संगीतकार एडवर्ड ग्रीग यांचे पणजोबा स्कॉटलंडहून नॉर्वेत गेले होते. त्यांचं आडनावही ‘ग्रेगर’वरूनच आलेलं आहे.

मात्र आज मॅकग्रेगर आडनावाची माणसं मोजली, तरी या कुळाचा खरा विस्तार कळत नाही. बंदी उठल्यावर सगळेच जुन्या नावाकडे परतले नाहीत. दोन-तीन पिढ्या मरे किंवा ड्रमंड म्हणून जगलेल्या कित्येक घरांनी तेच नाव कायम ठेवलं. त्यामुळे डीएनए चाचणीत भलत्याच आडनावाच्या माणसाचं नातं मॅकग्रेगरांशी जुळल्याची उदाहरणं आजही समोर येतात.