बिघडलेली फिल्म

परवा माळ्यावरची खोकी आवरताना एम.एस्सी.च्या प्रोजेक्टची वही सापडली. एका पानावर लाल शाईत शेरा, 'फिल्म बिघडली. पुन्हा करणे.' शेरा सरांचा, पण तुकडा कचऱ्यात टाकणारा मीच.

झालं होतं असं, की सिलिकॉनच्या चकतीवर मी सोन्याचा अगदी पातळ थर चढवला होता. भट्टीत तापवल्यावर तो फाटला आणि त्याचे बारीक बारीक मणी झाले. तेलकट ताटात पाणी सांडलं की कसे थेंब होतात, तसे. सोनं वितळतं १०६४ अंश सेल्सिअसला, सिलिकॉन १४१४ ला. पण दोघं योग्य प्रमाणात एकत्र आले, की मिश्रण ३६३ अंशांनाच वितळतं! सोनाराचा डाख दागिन्याआधी वितळतो ना, तसंच काहीसं.

आता गंमत बघा. १९६४ साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये वॅग्नर आणि एलिस हे दोघे सिलिकॉनचे केसासारखे स्फटिक अभ्यासत होते. तोवरची समजूत अशी, की असे केस स्फटिकाच्या आतल्या एका पिळाच्या आधाराने वाढतात. यांना तो पीळ काही सापडेना. उलट दिसलं असं, की परक्या धातूची भेसळ नसेल तर केस उगवतच नाही, आणि केसाच्या टोकाला एक गोळी बसलेली असते.

मग त्यांनी मुद्दामच सिलिकॉनवर सोन्याचा कण ठेवला, ९५० अंशांना तापवला आणि वरून हायड्रोजन व सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ सोडली. सोन्याचा थेंब वाफेतून सिलिकॉन पितो, पोट भरलं की खाली सोडतो. खाली खांब वाढत जातो आणि थेंब त्याच्या डोक्यावर बसून वर वर चढतो. थेंब जेवढा, तेवढी खांबाची जाडी.

पुढे १९९८ मध्ये हार्वर्डच्या मोरालेस आणि लीबर यांनी याच तत्त्वावर, लोखंडाचे कण वापरून, अवघ्या काही नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉनच्या तारा केल्या. आणि आता तर अशा तारांचं बी म्हणून सोन्याचा थर मुद्दाम तापवून फोडतात. माझी फिल्म 'बिघडली' होती, अगदी तशीच!

मी काही शोध लावला असता असं मुळीच नाही. तो तर लागून कितीतरी वर्षं झाली होती. पण वहीत त्या मण्यांचं साधं चित्रही नाही, याचं वाईट वाटलं. सूक्ष्मदर्शक समोरच होता. पाच मिनिटांचं काम.

असो. वही परत माळ्यावर टाकली नाही, टेबलावरच ठेवली आहे.