साधेपणाच्या आख्यायिकेपलीकडे : गणपतराव देशमुख

आपल्याकडे राजकीय चरित्र हा प्रकार बहुधा दोन टोकांना झुकतो. एकीकडे गौरवग्रंथ, दुसरीकडे उपहास. गणपतराव देशमुखांच्या वाट्याला पहिले टोक आले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले, तेव्हा बहुतेक मृत्युलेखांत दोनच गोष्टी होत्या : सांगोल्यातून अकरा वेळा आमदार आणि एस.टी.ने प्रवास करणारा नेता. दोन्ही खऱ्याच, पण साधेपणाच्या या आख्यायिकेने त्यांचे राजकारण झाकून टाकले, असे मला वाटते.

शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर ते १९६२ साली प्रथम निवडून आले. मार्च १९७२ च्या निवडणुकीत ते पराभूत झाले आणि त्याच वर्षी महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. १९७४ च्या पोटनिवडणुकीने त्यांना पुन्हा सभागृहात आणले. दुसरा पराभव १९९५ चा, अवघ्या १९२ मतांचा. १९९९ पासून २०१४ पर्यंत सलग चार विजय. या दीर्घ कारकिर्दीत मंत्रिपद मात्र दोनदाच : १९७८ च्या पुलोद सरकारात आणि १९९९ च्या आघाडी सरकारात. म्हणजे आयुष्याचा बहुतांश काळ विरोधी बाकावर गेला.

सत्ता नसताना एखादा तालुका पन्नास वर्षे एका माणसामागे का उभा राहतो? उत्तर माणदेशाच्या भूगोलात आहे. पर्जन्यछायेतल्या सांगोल्यात पाणी हाच राजकारणाचा गाभा. कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे यासाठी नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासह गणपतरावांनी जो लढा दिला, त्यात मागणी कृपेची नव्हती, समन्यायी वाटपाची होती. धरण कोणाच्या शिवारात आहे यावरून पाण्याचा हक्क ठरू नये, हा त्यामागचा विचार. सहकारी सूतगिरणीचा प्रयोगही याच दृष्टीतून वाचायला हवा : दुष्काळी भागातला रोजगार सहकारातून उभा करण्याचा तो प्रयत्न होता.

परंतु इतिहासलेखकाने इथेच थांबू नये. १९६२ साली विधानसभेत शेकापचे १५ आमदार होते. २०१४ साली ३ उरले. माणूस टिकला, पक्ष आक्रसत गेला. पक्षनिष्ठेचा हा आदर्श पक्षाच्या ऱ्हासाचाही साक्षीदार आहे. मतदारसंघ विचाराला बांधला गेला होता की व्यक्तीला, हा प्रश्न मग टाळता येत नाही. २०१९ साली ते निवडणुकीपासून दूर झाले, तेव्हा उमेदवारी नातवाला मिळाली आणि ७६८ मतांनी जागा गेली. २०२४ साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी ती परत मिळवली. राज्यात शेकापची तेवढी एकच जागा आली. वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्या पक्षाचा वारसाही अखेर घराण्यातूनच वाहिला.

हे नोंदवल्याने गणपतराव लहान होत नाहीत. उलट, त्यांना संत करून आपण त्यांच्या प्रश्नांपासून सुटका करून घेतो. एस.टी.तल्या प्रवाशाला नमस्कार करणे सोपे असते. पाण्याच्या समान वाटपाबद्दलचे त्याचे म्हणणे ऐकणे अवघड. चरित्रकाराने त्यातले अवघड तेच निवडावे.