काल्पनिक संख्या आणि एक मोजणीदार

मी जालन्यातून बोलतोय. विषयाचं नाव ऐकून अकरावीवाले स्किप करतील, म्हणून आधी बांधाचं बोलू. बांधावरून भांडण झालं की मोजणी येते. मोजणीला दोन गोष्टी लागतात: किती लांब आणि कुठल्या दिशेला. या दोन्ही एकाच संख्येत बसतील का? आजची गोष्ट याच प्रश्नाची आहे.

सुरुवात आपल्या शेजारीच होते. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटणादेवी लागते. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती कोरलीय. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने मठ काढला, त्याला १२०७ मध्ये दान मिळालं. भास्कराचार्यांनी वयाच्या ३६व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यातल्या बीजगणितात ते सांगतात की ऋण संख्येला वर्गमूळ नसतं. कारण सोपं आहे. धन संख्येचा वर्ग धन येतो, ऋण संख्येचाही धनच येतो. मग उणे १ हा कुणाचा वर्ग असणार?

संख्या एका सरळ रेषेवर मांडल्या, तर हे आजही शंभर टक्के बरोबर आहे. पण रेषा सोडून वावरात उतरलं तर?

युरोपातले गणिती सोळाव्या शतकापासून ही मुळं वापरत होते, पण बिचकत बिचकत. १६३७ मध्ये देकार्तने त्यांना 'काल्पनिक' म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते कायमचंच. शेवटी त्यांचं चित्र काढलं कुणी? कास्पर वेसेलने. हा नॉर्वेत जन्मलेला, डेन्मार्कची जमीन मोजणारा माणूस. मुलूख त्रिकोणांत वाटून मोजायचा, हे त्याचं रोजचं काम. पुढे हेच त्रिकोणांचं काम विल्यम लॅम्ब्टनने भारतात केलं, आणि ते करता करताच १८२३ मध्ये तो आपल्या हिंगणघाटला वारला.

वेसेलची कल्पना अशी. तुम्ही पूर्वेकडे तोंड करून उभे आहात. उणे १ ने गुणलं की तोंड पश्चिमेला, म्हणजे अर्धी गिरकी. मग दोनदा केल्यावर अर्धी गिरकी होईल, असं काय आहे? पाव गिरकी! तिचंच नाव आय. आय गुणिले आय बरोबर उणे १. यात काल्पनिक काय आहे, सांगा?

आता ३ अधिक ४ आय म्हणजे ३ पावलं पूर्वेला, ४ उत्तरेला. सरळ अंतर ५. त्याला आयने गुणा, उत्तर येतं उणे ४ अधिक ३ आय, म्हणजे ४ पावलं पश्चिमेला, ३ उत्तरेला. अंतर तेच, दिशा काटकोनात वळली. त्रिकोणाचे तिन्ही कोपरे असे गुणले की अख्खा त्रिकोण वळतो, एकही बाजू न बदलता.

वर्तुळ तर अजून सोपं. आजोबांना खळ्यावरचा तिवडा विचारा. मधे खांब, त्याला दावं, बैल फिरतो गोल. केंद्रापासून ज्यांचं अंतर ५, अशा सगळ्या संख्या म्हणजे ते वर्तुळ. आणि कुठल्या संख्येचा घन १ येतो? रेषेवर उत्तर एकच, १. पूर्ण प्रतलात तीन, एकमेकांपासून १२० अंशांवर. ती जोडली की समभुज त्रिकोण तयार! पुस्तकातला ओमेगा तो हाच.

वेसेलने १७९७ मध्ये हा निबंध डॅनिश अकादमीपुढे मांडला, १७९९ मध्ये तो छापला गेला, आणि जवळपास शंभर वर्षं कुणी वाचलाच नाही. तोवर १८०६ मध्ये आर्गंडने तेच स्वतंत्रपणे शोधलं. म्हणून आकृतीला नाव आर्गंडचं.

मला राग येतो तो 'काल्पनिक' या शब्दाचा. तो ऐकूनच किती पोरांना वाटतं, याचा आपल्याशी काय संबंध? उलट या संख्यांना जमिनीवर जागा दिली ती मोजणीदाराने. तुमच्या घरी मोजणीचा नकाशा असेल तर बघा. एक कोपरा शून्य धरा आणि बाकीचे कोपरे संमिश्र संख्यांत लिहून काढा. भास्कराचार्यांचा नियम रेषेपुरता खरा होता. तुमचं वावर रेषेत मावत नाही.

भेटू पुढच्या भागात.