चैत्रातला गळ

एप्रिल 1968. पाडवा होऊन गेलाय, शिंगणापूरच्या यात्रेला कावडी निघाल्यात आणि तुम्ही पहाटेच्या अंधारात भीमेच्या वाळूत उभे आहात. तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर, गाव केत्तूर. वहाणा काढून हातात घ्या. नानांनी तसं बजावलंय.

"पाव्हणं, वाळूत वहाण वाजती. माशाला कान न्हाईत आसं कुनी सांगितलं तुमास्नी?"

नाना जातीनं आणि धंद्यानं भोई. आजचे तुमचे वाटाडे तेच. खांद्यावर सुताचं जाळं, बाभळीच्या सालीच्या काढ्यात उकळून तांबूस झालेलं. मागून आठेक वर्षांचा त्यांचा पोरगा गांडुळांचा डबा घेऊन येतोय. त्याला शाळा आहे, पण चैत्रात शाळेपेक्षा डोह महत्त्वाचा, असं बापलेकांचं एकमत दिसतं.

नदी शोधू नका. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून जाणारी भीमा आता पिंडरीभर धारेवर आलीय आणि ती धारसुद्धा मध्येच वाळूत गडप होते. काठच्या वाळूत खरबुजाचे वाफे आहेत. पाणी उरलंय ते डोहांत. कार्तिकापासून नदी आटत जाते तसतसा मासा मागे सरकत एकेका डोहात गोळा होतो, म्हणून चैत्र-वैशाख ही भोयाची सुगी. तिकडे अमेरिकेत, मिनेसोटाच्या तळ्यांवर, बर्फ वितळल्यावर लोक दिवसाचे डॉलर मोजून वाटाड्या करतात. क्रॅपी नावाचा मासा बुडालेल्या झाडाझुडपांत सापडतो, वॉलाय नावाचा संध्याकाळच्या अंधुक उजेडात गळाला लागतो, आणि ती झाडं आणि ती वेळ वाटाड्यालाच ठाऊक असते. तिकडचा वसंत थंडीतून सुटका करतो. सोलापूरच्या वसंतात नऊ वाजता खडक तापतो. दिवस काय तो पहाटेचा आणि सांजेचा.

डोहात रात्रीच दावण टाकून ठेवलीय. लांब दोरी, तिला हात-हात अंतरावर आखूड दोऱ्या, प्रत्येकीला गळ. एक टोक काठावरच्या चिंचेच्या मुळीला बांधलंय, दुसरं मधल्या खडकाला. नाना सांगडीवर पालथे पडतात. वाळलेले मोठे भोपळे एकत्र बांधले की सांगड झाली. हातानं पाणी मारत ते मध्यावर जातात. तुम्हाला सांगड मिळणार नाही, हट्ट करू नका. काठाशी बसा आणि दोरी हातात धरा. ती ताणली की समजायचं.

पहिले तीन गळ रिकामे निघतात. चौथ्याला वाम, सापासारखी वळवळणारी, खडकाच्या कपारीत शेपूट रोवून बसलेली. ती ओढून काढायची नसते. दोरी सैल सोडून वाट पाहायची, ती आपण होऊन बाहेर येते. पुढच्या गळाला शिंगटा.

हा मासा नीट बघून घ्या. खवला एकही नाही, अंग राखाडी-रुपेरी, ओलं आणि गुळगुळीत. मिशा जवळजवळ अंगाएवढ्या लांब. पाठीवर मागच्या बाजूला एक मांसल पर आणि त्यावर शाईचा ठिपका पडावा तसा काळा डाग. पाठीवरचा आणि दोन्ही गालांमागचा काटा त्यानं उभा केलाय, आणि एकदा उभा झाला की तो खटक्यात अडकतो. जोरानं दाबलात तरी खाली बसत नाही. नाना दोन काट्यांच्या मागून, तळव्यात डोकं येईल असं धरतात आणि दगडानं तिन्ही काटे मोडतात. पोरगा आपला अंगठा दाखवतो. जुना पांढरा व्रण आहे. "मी फुडनं धरला हुता," तो म्हणतो.

उजाडल्यावर आजूबाजूला नजर टाका, आणि ही जागा चांगली ध्यानात ठेवा. काठावर ही थोराड चिंच. तिच्या वर पन्नासेक पावलांवर दगडी बांधणीची विहीर. त्यापलीकडे वाड्याची भिंत, पांढऱ्या मातीची, खाली घडीव दगड. नाना डोहाची खूण सांगतात ती यांच्यावरूनच: चिंच आणि वाड्याचा कोपरा एका रेषेत आले की खाली खडकाची धार, तिथं वाम. विहीर उजव्या खांद्याला आली की सगळ्यात खोल, तिथं शिंगटा.

तुम्हाला माहीत आहे की हे सगळं बुडणार आहे. त्यांनाही माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी, 1966 मध्ये, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते खाली उजनीला धरणाचं भूमिपूजन झालंय. पण गेल्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला, त्याची धास्ती अजून ताजी आहे. "तकडं धरनाखालची जमीन हालली म्हनं," नाना म्हणतात, "आन आता हितं बांधायचं म्हन्त्यात." बुडणार कुठवर, याबद्दल गावात रोज नवी रेषा आखली जाते. चिंचेपर्यंत पाणी येईल हे कुणी मानायला तयार नाही.

नऊला जाळं आवरायचं. चिंचेखाली भाकरी, शेंगाची चटणी, फोडलेला कांदा. वाम संध्याकाळी काळ्या तिखटात शिजेल, शिंगटा आत्ताच गावात विकला जाईल. आता ऊन उतरेपर्यंत काम नाही. मासा तळाला आणि माणूस सावलीला.

तेवढ्या वेळात आणखी मागे जाऊन येऊ. 1820 च्या दशकात पेशवाई नुकतीच बुडालीय आणि विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनची पाहणी करत हिंडतोय. पिकं, पाऊस, पक्षी, आणि नद्यांतले मासेही. डोहावर तो येईल म्हणून थांबू नका. दख्खनभर फिरणाऱ्या माणसाची गाठ याच काठावर पडेल कशाला? पण या काळातला भोई तुम्हाला भेटेल, आणि त्याच्या हातातही दावणच असेल. साइक्सनं 1839 मध्ये दख्खनच्या माशांची यादी छापली तेव्हा बऱ्याच माशांना शास्त्रीय नावं दिली ती कोळी-भोयांच्या तोंडचीच. सींगटी, गोग्रा, खुद्री, रोहटी. लॅटिन धाटणीच्या पुस्तकात आपली शिंगटी आणि घोगरा आजही तसेच बसलेत. ज्यांनी ती नावं सांगितली त्या माणसांचं नाव मात्र यादीत नाही, आणि हे मला नेहमीच खटकतं.

चला, ऊन उतरलं. आता एप्रिल 2024.

चिंच नाही. तिचं काळं, सोललेलं खोड चिखलातून वर आलंय. विहिरीच्या कठड्याचे दगड दिसतायत, वाड्याची माती विरघळून गेलीय आणि घडीव दगडांची रांग तेवढी पाण्याशी टेकलीय. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि हे सगळं त्याच्या यशवंतसागर जलाशयाखाली गेलं. एकशे सतरा टीएमसीचं धरण, त्यातलं जवळजवळ 64 टीएमसी मृतसाठा. पाणी मृतसाठ्यात उतरलं की सोलापुरात म्हणतात, उजनी मायनसमध्ये गेली. यंदा ती जानेवारीतच मायनसमध्ये गेलीय. शहरात पाण्याच्या पाळ्या लांबतात, ऊसवाले हवालदिल होतात, आणि इथं जुनं गाव पायऱ्यापायऱ्यांनी वर येतं.

फायबरच्या होडीत वल्ह्यावर चौसष्ट वर्षांचा माणूस बसलाय. अंगठ्यावर पांढरा व्रण. आता त्यालाच सगळे नाना म्हणतात.

"आधी चिलापी काढू, पाव्हणं. येळ काढायला बरी."

चिलापी 1968 मध्ये या डोहात तुम्ही पाहिली नव्हती. मूळची आफ्रिकेची, भारतात 1952 मध्ये आणली गेली, आणि आज उजनीचा मासा म्हणजे चिलापीच. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथं येतं, पाण्याला हिरवी साय धरते, तरी ती टिकते. बुडालेल्या कठड्याजवळ उथळ चिखलात ताटाएवढे गोल खड्डे दिसतात, ती नराची खणती. मादी अंडी तोंडात धरून फिरते, पिल्लं पोहती होईपर्यंत. छोटा गळ, बोटाच्या पेराएवढं गांडूळ, आणि भिंतीच्या अगदी कडेला सोडा. हातभर पलीकडे टाकलंत तर बसा वाट पाहत. लागोपाठ येतात, तळहाताएवढ्या, काटेरी पर फुलवून.

बारीक आसाच्या जाळ्यांबद्दल विचारू नका म्हणतो, पण विचाराल. इथं त्याला वडाप म्हणतात. बोटाएवढी पिल्लंसुद्धा त्यात येतात. नानांचं मत एका वाक्यात संपतं: "उद्याचं आजच वरपायचं."

चारच्या सुमाराला पश्चिमेकडून वारं उठतं. पाण्यावर सुरकुती पडायच्या आत नाना होडी काठाला लावतात आणि तुम्हाला लाईफ जॅकेट काढू देत नाहीत. तुम्हाला वाटेल, एवढं कशाला. तुम्ही तर पुढचं पाहून आलात: महिन्याभरानं, 21 मे 2024 ला, कुगावहून कळाशीला निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटेल आणि सहा जण बुडतील. नानांना ते माहीत नाही. वारं माहीत आहे.

वारं पडल्यावर पुन्हा पाण्यात. नाना वल्हं थांबवून मान वळवतात. विहिरीचे दगड उजव्या खांद्याला. "हितं." दोरी सुटते, सुटतच राहते. पाणी उतरून जुन्या पात्रात आलंय तसा मासाही जुन्या डोहात आलाय. फिश-फाइंडर लावून आलेल्या पुण्याच्या हौशी मंडळींना हेच दाखवायला नाना जातात, आणि पडद्यावर खड्डा उमटायच्या आधी बोट दाखवतात.

दिवेलागणीला दोरी हिसकते. जड, तळाकडे ओढणारी. शिंगटा वर येतो, मिशा, काळा डाग, तिन्ही काटे उभे. तुम्ही हात मागून नेता, काट्यांच्या पलीकडून. नाना बघतात, बोलत नाहीत.

काठावर हिशेब. गाडीतल्या बर्फाच्या डब्यात शिंगट्यासाठी जागा कराल, तोच नाना तो उचलून आपल्या पाटीत टाकतात.

"ह्यो सकाळी भिगवनच्या बाजारात जाईल, भाव हाय त्याला. तुमी चिलापी न्या. ताजी हाय, आन काटाबी कमी."